अठ्ठावीस विजारी आणि एक मेहुणा

"आजपासून टेप बंद!" असं जाहीर करून मास्तरांनी तीस वर्षं गळ्यात लोंबणारी टेप उतरवली आणि खिळ्याला अडकवली. शिवणकामाचं दुकान आपलं, खिळा आपला, विचारणार कोण? "नुसता फोन समोर धरायचा. फोटो निघाला की कंबर, मांडी, लांबी, सगळं हजर! बुद्धिमान यंत्र आहे हे. माणसासारखं डुलक्या नाही काढत."

"आणि चुकलं तर?" बायकोने काजं करता करता विचारलं.

"चुकलं तर त्याचं ते बघेल!"

हे यंत्र फोनात घालून दिलं होतं तिच्या धाकट्या भावाने. मेहुणा संगणकातला मोठा जाणकार. उंची देताना देवाचा हात आखडला होता, पण पोटाच्या वेळी त्याने त्याची सव्याज भरपाई केली होती. मेहुणा दुकानात यायचा तेव्हा आधी पोट यायचं, मग थोड्या वेळाने तो.

"दाजी, आधी याला शिकवावं लागतं," तो म्हणाला होता. "चाळीस माणसांचे फोटो आणि मापं दाखवायची."

"मग शिकव की! मला कशाला विचारतोस? इस्त्री तापलीय माझी!"

मेहुण्याने शिकवलं. विषय संपला, असं मास्तरांना वाटलं.

त्याच आठवड्यात इस्पितळाचं काम आलं. नवा विभाग सोमवारी उघडणार, अठ्ठावीस कर्मचाऱ्यांना विजारी हव्यात. मेट्रनबाई मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "नीट झालं तर दरवर्षीचं काम तुमचं. नाहीतर समोरचं तयार कपड्यांचं दुकान आहेच." त्या समोरच्याने मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं आधीच गिळली होती. हेही काम गेलं असतं तर दुकानाला कुलूपच!

मास्तर इस्पितळात गेले आणि फटाफट फोटो काढून आले. दर मापाला फोन विचारायचा, "माप तपासलं का?" मास्तर अंगठा टेकवून म्हणायचे, "हो." पाहुण्याला 'आणखी वाढू का' विचारतात तसं ते रीतीपुरतं विचारत असणार, असा त्यांचा समज! मापंही काय जुळती आली! कापडाची थप्पी लावून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस एका दमात कापता आल्या.

"बघ, इस्पितळात केवढी एकजूट आहे!" मास्तर कौतुकाने म्हणाले.

शनिवारी सकाळी विजारी घालून बघायला मंडळी दुकानात आली. पहिला आला ताडमाड एक्स-रेवाला. विजार नडगीवर संपली आणि कंबर दोन्ही हातांनी धरावी लागली.

"मास्तर, यात माझ्याबरोबर आणखी एक जण मावेल. पण पोटऱ्या दोघांच्याही उघड्या राहतील!"

मागून काडीसारखी नर्स आली. "मास्तर, एका हातात सलाईन असतं माझ्या. विजार कोण धरणार? पेशंट?"

मास्तर चक्रावले. विजार कागदाशी ताडली, बरोबर. कागद फोनशी ताडला, तोही बरोबर. मग चूक शिरली कुठून?

"कापड आटलं असेल," ते पुटपुटले.

"आटून कंबर वाढते होय?" बायको म्हणाली.

मेहुण्याला बोलावलं. तो पोटामागोमाग आला. "दाजी, यंत्र कधी चुकत नाही. त्यालाच विचारा ना!"

मास्तरांनी फोन तोंडाशी धरला. "काय रे, ही चूक कोणाची?"

फोन मधासारख्या आवाजात म्हणाला, "गैरसोयीबद्दल क्षमस्व. आमची सेवा आवडली का? कृपया तारे द्या."

मास्तरांनी पाच दिले.

"अहो, दिलेत कशाला?"

"सवयीने दिले गं!"

बायकोने एक विजार उचलून उजेडात धरली. मग भावाकडे पाहिलं. पुन्हा विजारीकडे पाहिलं. "अरे, ही घाल बघू."

विजार त्याच्या अंगावर अशी बसली, जसा बशीवर कप! दुसरी तशीच. तिसरीही.

"दाजी, काय फिटिंग आहे हो!"

"चाळीस फोटो कोणाचे दाखवलेस रे?" बहिणीने विचारलं.

"चाळीस माणसं कुठून आणू, ताई? दाजी इस्त्रीत अडकलेले. माझेच काढले. पुढून, मागून, हात वर करून, टोपी घालून..."

"टोपी घातली की माणूस बदलतो का रे, शहाण्या!"

म्हणजे यंत्राच्या लेखी जगातली यच्चयावत माणसं मेहुणाच होती! मास्तर मटकन खाली बसले. नेमक्या तेव्हाच मेट्रनबाई दारात.

"जबाबदार कोण?"

मास्तरांनी मेहुण्याकडे बोट केलं, मेहुण्याने फोनकडे. फोनने कोणाकडेच केलं नाही. उलट मेहुण्याने नोंद उघडली तर तिथे ठळक लिहिलेलं, "तपासणारे: मास्तर." अठ्ठावीस वेळा!

मास्तरांना दुकानाचं कुलूप डोळ्यांपुढे दिसायला लागलं. तरी ते उभे राहिले. "बाई, चूक माझी. न बघता 'हो' म्हणणारा मी. उद्या संध्याकाळपर्यंत नव्याने शिवून देतो."

"ते मोठे डॉक्टर ठरवतील. चला, आणि या विजारीही घ्या."

मोठे डॉक्टर खुर्चीत बसलेले. बुटके, गोल, कपाळाला आठी. सगळी हकिगत ऐकताना त्यांची नजर विजारींवरून हटेना. एक उचलून ते पडद्याआड गेले. बाहेर आले ते आरशासमोर गिरक्या घेतच!

"मास्तर! जन्मात पहिल्यांदा मला विजार बसली. आणि तुमच्या यंत्राने मला पाहिलंसुद्धा नव्हतं?"

"नाही साहेब, पण चूक माझी आहे. त्या अठ्ठावीस जणांना..."

"चूक कसली? एवढ्या अचूक यंत्रात दोष असेलच कसा! दोष त्यांच्या अंगात आहे. मेट्रनबाई, त्यांना चार घास जास्त जेवायला सांगा. दरवर्षीचं काम मास्तरांकडेच. मापं मात्र यंत्रानेच घ्यायची!"

मास्तर बाहेर आले. काम राहिलं, दुकान वाचलं. आयुष्यात एकदा चूक कबूल केली, तर ती पदरात घ्यायलाच कोणी तयार नाही! आनंद मानावा की डोकं धरावं, त्यांना कळेना.

काडीसारखी नर्स जेवून जेवून भरेलही एखादवेळी. पण एक्स-रेवाल्याला बुटका कसा करायचा, एवढं साहेबांना विचारायचं राहूनच गेलं.