मैदानाकडे पाठ करून

आमच्या निलंग्यात कबड्डीची मॅच असली की गुरलिंगअप्पा सगळ्यांच्या आधी मैदानावर जातात. सगळ्यात पुढची, मधोमधची, जिथून पंचाच्या शिट्टीतली थुंकीसुद्धा दिसावी अशी जागा पकडतात, तिथं लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवतात, आणि मैदानाकडे पाठ करून बसतात. सगळी मॅच ते आमच्या तोंडाकडं बघत काढतात.

नवा माणूस बावचळतो. आपण खेळ बघावा आणि समोर एका पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्यानं आपल्याकडं टक लावून बसावं, हे सहन करायला सवय लागते. आम्हाला ती आहे. अप्पांचं दुकान सरकी-पेंडीचं, त्याला लागून माझं झेरॉक्सचं. त्यामुळं मैदानावरसुद्धा मी त्यांच्या नेमका समोर बसतो आणि माझ्या भुवयांवरून त्यांना गुण कळतात. मी तोंड वाकडं केलं की अप्पा म्हणतात, "गेला न्हवं एक? होगली बिडू."

होगली बिडू म्हणजे कानडीत जाऊ दे, सोड. कर्नाटकाची हद्द आमच्यापासून हाकेवर, त्यामुळं असले शब्द इकडं बिनातिकीट येतात. अप्पा दिवसातून शंभरदा सोड म्हणतात आणि आयुष्यात त्यांनी काही म्हणता काही सोडलेलं नाही.

पाठ करून बसण्याचं कारण असं, की अप्पांची नजर वाईट आहे. हे लोक म्हणतात असं नव्हे, अप्पा स्वतः म्हणतात, आणि एखाद्यानं आपल्या शेतातल्या विहिरीचं पाणी सांगावं तशा अभिमानानं म्हणतात. चुलतभावाची नवी मोटारसायकल बघून "झकास हाय" म्हणाले, तर ती कोपऱ्यावर म्हशीला जाऊन भिडली. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया बघून "काय पांढऱ्याशुभ्र झाल्यात" म्हणाले, तर भर चैत्रात गारा पडल्या. तेव्हापासून त्यांच्या बायको मल्लम्माकाकू उन्हाळ्याचे चार महिने त्यांना गच्चीच्या जिन्याकडं फिरकू देत नाहीत. काकूंना एकदा मी विचारलं, की मग तुम्ही कशा इतकी वर्षं धडधाकट? त्या म्हणाल्या, "लग्नात लाजून त्येंनी माझ्याकडं बगितलंच न्हाई, म्हनून तर."

लग्नाला गेले तर अप्पा नवरा-नवरीच्या पायाकडं बघून आहेर देतात. लेकीला लातूरला मुलगा झाला तेव्हा पाळण्यात डोकावण्याआधी त्यांनी बाळाच्या कपाळावर, गालावर आणि तळपायावर एवढं काजळ लावायला लावलं, की शेवटी जे बघितलं ते काजळच.

पण या नजरेला एक नियम आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ती परक्याला लागत नाही. मी एकदा थट्टेनं म्हणालो, "अप्पा, एवढी ताकद हाय तर शिरूर अनंतपाळच्या त्या व्यापाऱ्याकडं बघा की. तुमची गिऱ्हाइकं तोडून राहिला." अप्पा गंभीर झाले. "बगितलं की. आठवड्याला जातो, दुकानाच्या समोर उभं राहून डोळे फाडून बगतो. तीन मजले झाले त्येचे. नजर आपल्याच मान्साला लागती, सुधाकर. परक्याला लागली असती तर मी आज आमदार असतो."

आता अल्ताफचं सांगायला हवं. गादी-कारखान्यातल्या रशीदभाईंचा हा धाकटा मुलगा. शाळेच्या मैदानावर त्याला पहिल्यांदा चढाई करताना बघून अप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "काय पळतंय रे पोरगं." वाक्य संपायच्या आत पोरगं आदळलं आणि त्याचा हात मोडला. दुसऱ्याच मॅचला अप्पांनी खुर्ची फिरवली. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. अप्पांनी घरी बसणं आणि बघणं या दोन्हींच्या मधली वाट काढली.

पुढं अल्ताफ आमच्या तालुक्याचा, मग जिल्ह्याचा हिरो झाला. रोज संध्याकाळी सरावाला जाताना तो अप्पांच्या दुकानासमोर थांबायचा. अप्पा भिंतीवरच्या बसवेश्वरांच्या तसबिरीकडं बघत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा मागं धरायचे. "खा. काल उजव्या अंगानं लई गेलास म्हनं." अल्ताफ त्यांच्या कानाशी बोलायचा. बाहेरच्यानं बघितलं असतं तर दोघांचं भांडण आहे असंच म्हटलं असतं. मैदानावर गर्दीच्या गोंगाटातसुद्धा अप्पांना अल्ताफचा 'कबड्डी, कबड्डी' वेगळा ओळखू यायचा. "दम पुरला. आता वळला बग," असं ते माझ्याकडं बघत म्हणायचे, आणि तो खरंच वळलेला असायचा.

आणि अशातच बातमी आली, की अल्ताफ उमरीच्या संघाकडून खेळणार.

उमरी म्हणजे नांदेड जिल्हा. लातूर आणि नांदेड यांचं नातं बाहेरच्याला समजावून सांगणं अवघड आहे. आयुक्तालय कुठं व्हावं, रेल्वे कुठून सुटावी इथपासून ते कुणाच्या धपाट्यात तीळ जास्त इथपर्यंत आमचं एकमत नाही. आणि कबड्डीत तर उमरीनं आम्हाला इतक्यांदा रडवलंय, की आमच्याकडं नुसतं उमरी म्हटलं तरी जुने खेळाडू गुडघा चोळतात. तिथल्या एका संस्थेनं अल्ताफला नोकरी दिली. रशीदभाईंच्या छातीत कापूस भरलेला, कारखाना बंद पडत आलेला. पोरानं काय करायचं होतं? हे सगळ्यांना कळत होतं आणि तरी कुणाला पटत नव्हतं.

गावानं दोन दिवसांत अल्ताफला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, तिसऱ्या दिवशी परत घेतलं आणि चौथ्या दिवशी परत काढलं. चौकातल्या त्याच्या फ्लेक्सवर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस चढला. चहाच्या टपरीवर त्याला गद्दार म्हणणारी मंडळी मोबाईल टेबलाखाली धरून उमरीच्याच मॅचेस बघायची. मीही बघायचो. तो गुण घेऊन परत आला की आपोआप मूठ आवळली जायची आणि मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून ती सैल करावी लागायची.

अप्पांचं वेगळंच. ते स्वतः दिवसभर अल्ताफला शिव्या घालत. "भाकरी इथं खाल्ली, अन् ढेकर नांदेडात देऊन राहिला." पण दुसऱ्यानं 'गद्दार' म्हटलं की काटा आपटून उठत. एका जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी याच कारणावरून दुकानाची पायरी उतरायला लावली. मी म्हणालो, अप्पा, तुम्हीच तर सकाळपासून बोलताय. तर म्हणाले, "मी बोलनार. तो कोन बोलनारा?"

महाशिवरात्रीच्या यात्रेतली स्पर्धा आली आणि व्हायचं तेच झालं. फायनलला आमचा संघ आणि उमरी. आदल्या दिवशी आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष बाबूभाऊ चार माणसं घेऊन अप्पांच्या दुकानात आले. मी मधल्या दारात उभा राहून ऐकत होतो.

"अप्पा," बाबूभाऊ म्हणाले, "उद्या खुर्ची फिरवायची."

अप्पांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"येवढे दिवस तुमी आपल्या भल्यासाठी पाठ केली," बाबूभाऊ म्हणाले. "आता आपल्या भल्यासाठी तोंड करा. अल्ताफ चढाईला आला की नुसतं बगायचं. बाकी काय मागत न्हाई."

"माझी नजर परक्याला लागत न्हाई," अप्पा म्हणाले.

"मंग त्यो परका हाय का आपला?"

इतके दिवस सगळं गाव या प्रश्नाभोवती फिरत होतं, पण तोंडावर कुणी विचारला नव्हता. बाबूभाऊंसोबतची माणसंसुद्धा सरकीच्या पोत्यांकडं बघायला लागली. अप्पांनी मांडीवरची टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "परका असंल तर मी बगून काय उपेग न्हाई. अन् आपला असंल, अन् पाय मोडला तर?"

"नुसता पकडला गेला तरी बास हाय हो."

"ते माझ्या हातात हाय का? नजर काय इचारून लागती?"

बाबूभाऊ वैतागून गेले. मला हसू येत होतं, पण अप्पांचा चेहरा बघून आवरलं. माणूस खरोखर घाबरला होता. तुम्हाला-मला ती थट्टा, पण त्यांच्या लेखी उद्या त्यांच्या डोळ्यांनी एका पोराचं हाड मोडू शकत होतं.

फायनल चारला सुरू झाली, कारण प्रमुख पाहुण्यांना पुढं तीन लग्नं होती. अप्पा नेहमीच्या जागी, नेहमीसारखे पाठ करून बसलेले. मॅचच्या आधी उमरीचा संघ मैदानात आला आणि गर्दीनं काय करावं तेच कळेना. अर्ध्यांनी हुर्यो केली, अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काहींनी दोन्ही. अल्ताफ सरळ अप्पांकडं आला आणि पाया पडला. अप्पांनी मंडपाच्या खांबावर नजर रोवली.

"अप्पा, आज तरी बगा," तो म्हणाला.

"गप जा. खेळ."

"ल्हान होतो तवापासून नुसती तुमची पाठच बगून राहिलो. मोडला हात तर मोडू द्या. एक बार बगा."

तो गेला. अप्पा खांबाकडंच बघत होते. पहिला डाव तसाच गेला. मध्यांतराची शिट्टी झाली तेव्हा ते उठले, खुर्ची उचलली, फिरवली आणि मैदानाकडं तोंड करून बसले. आमच्या बाजूनं असा जल्लोष झाला की पाहुणे दचकले. त्यांना वाटलं, आपल्यासाठीच.

दुसरा डाव मी बघितला नाही म्हटलं तरी चालेल. मी अप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनाच बघत होतो. पहिल्या चढाईला त्यांनी खुर्चीचे हात असे धरले होते, की जणू दाढ उपटून घ्यायला बसलेत. अल्ताफ एक गुण घेऊन सुखरूप परत गेला. अप्पांनी श्वास सोडला. दुसऱ्या चढाईला तो दोन घेऊन गेला. अप्पा पुढं सरकून बसले. "बगितलंस? कसा वाकला तो?" ते मला म्हणाले. त्यांनी ते वाकणं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. तिसऱ्यालाही तो सुटला, चौथ्यालाही.

मागून लोक ओरडायला लागले, "अप्पा, चष्मा लावा." बाबूभाऊ म्हणाले, "नजर उतरली म्हाताऱ्याची." आणि एवढा वेळ लहान पोरासारखे खुलत चाललेले अप्पा हळूहळू मागं टेकले. आमचा संघ मागं पडत होता म्हणून नव्हे. आम्ही तर उलट गाठत आलो होतो. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "लागंना रे सुधाकर. परका झाला म्हनायचा."

मी म्हणालो, होगली बिडू. त्यांनी मान हलवली.

शेवटची चढाई उरली. आम्ही एका गुणानं पुढं, चढाई उमरीची, आणि अर्थात अल्ताफ आला. दोन गडी मारले असते तर कप उमरीला गेला असता. तो डावीकडं झेपावला, वळला, आणि आमच्या दत्तानं त्याचा घोटा धरला. दत्ता लहानपणापासून त्याच्याबरोबर सराव केलेला, तो कधी कुठला पाय मागं ठेवतो हे त्याला पाठ. यात नजरेचा काही संबंध नाही, हे मी कुणालाही लिहून देईन. सगळे अल्ताफवर पडले. तो रेषेपासून हातभर अलीकडं थांबला.

आम्ही जिंकलो. उड्या मारायला सगळे उठले आणि अर्ध्यावर थांबले, कारण अल्ताफ अजून उठला नव्हता. तो उठला, गुडघा झटकला, तेव्हा कुठं हलग्या वाजायला लागल्या. मी अप्पांकडं वळलो. म्हातारा रडत होता आणि हसत होता. "लागली," ते म्हणाले. "लागली की रे. आपलाच हाय."

मग ते जे उठले ते सरळ उमरीच्या जीपकडं. मी मागोमाग धावलो. तिथं उमरीचे प्रशिक्षक अल्ताफला झाडत होते, की घोटा असा ताटात वाढून कुणी देतं का. अप्पा दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि त्या परक्या माणसाला त्यांनी हात जोडले.

"साहेब, पोराला बोलू नका. त्येची काय चूक न्हाई. मी बगितलं."

प्रशिक्षकांनी अल्ताफला विचारलं, "कोण हे?"

"आमचे अप्पा," अल्ताफ म्हणाला.

ते ऐकून अप्पा त्याच्याकडं वळले आणि त्याला खालपासून वरपर्यंत बघायला लागले. पायातल्या बुटापासून खरचटलेल्या गुडघ्यापर्यंत, उमरीच्या जर्सीपासून नव्यानं राखलेल्या दाढीपर्यंत, काही राहू नये असं बघितलं. त्याच्या गुडघ्यावरची माती त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली.

"लई ग्वाड खेळतोस रे," ते म्हणाले. "मला ऐकून वाटायचं त्येच्यापेक्षा ग्वाड."

जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

"जा," अप्पा म्हणाले. "हितनं म्होरं मी तुज्या मॅचला येत न्हाई. उमरी लांब हाय, ते लई बरं झालं. बिनघोर खेळ."