विहीणबाईंचा परिचय

गुरुवारी सकाळी रविकांत स्टुलावर चढून बहिणीच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होता, तेवढ्यात शेजारची रेणुका झाकलेलं पातेलं घेऊन आली. आज भाची ऋतुजाचं डोहाळजेवण होतं. शेजारणी काही ना काही करून आणणारच, म्हणून त्याने वरूनच हसून विचारलं, "काय गोडधोड आणलंस रेणुके?"

रेणुकाने पातेलं ओट्यावर ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला. "पिठलं-भाकरी हाय दादा! तुमच्या घरी आज कशाची चूल पेटती! लई वाईट झालं बगा. एवढ्या लांबून आल्या अन् इथं येऊन..."

रविकांतच्या हातातून तोरण गळून पडलं. शेजारी न सांगता पिठलं-भाकरी घेऊन येतात ते एकाच घरी, जिथे माणूस गेलेलं असतं.

"अगं, कोण गेलं?"

"असं काय करायलाव दादा? तुमच्या विहीणबाई! पेपरात छापून आलंय. अन् म्या काल बघितलं की, दोघांनी धरून गाडीतून उतरवलं, मान अशी पडल्याली. तवाच मनात पाल चुकचुकली."

विहीणबाईंची मान पडली होती ती झोपेने. इंग्लंडहून हैदराबाद आणि हैदराबादहून गाडीने औसा, एवढा प्रवास बहात्तराव्या वर्षी केल्यावर कोणाचीही पडेल. त्या वरच्या खोलीत घोरत होत्या आणि घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. पण रेणुकाच्या काखेत 'दैनिक मांजराकाठ'ची घडी होती. रविकांतने ती ओढून घेतली, उघडली आणि स्टुलावरच मटकन बसला.

चौथ्या पानावर काळी चौकट होती. चौकटीत विहीणबाईंचा फोटो होता. खाली ठसठशीत अक्षरात छापलं होतं : 'जागतिक कीर्तीच्या पत्रकार डोरीन व्हिटकोम यांचे निधन. आज सकाळी अकरा वाजता औसा येथे अंत्यविधी.'

आणि मजकूर रविकांतचा स्वतःचा होता.

ऋतुजा नर्स म्हणून इंग्लंडला गेली आणि ऑलिव्हर नावाच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली, तेव्हापासून या घराने विहीणबाईंचा धसकाच घेतला होता. कारण बाई साध्यासुध्या नव्हत्या. अर्धी नोकरी त्यांनी पार्लमेंटच्या दारात काढली, पंतप्रधान खुर्चीवर चढताना आणि पडताना बघत. उरलेली अर्धी राजवाड्याच्या फाटकाबाहेर, राजघराण्यातली बारशी, लग्नं, काडीमोड आणि मयती लिहिण्यात. "जिनं राजाघरची लग्नं बघितली, तिला आपली वरणफळं काय गोड लागणार?" असं म्हणून ऋतुजाची आई सिंधू आठ दिवस झोपली नव्हती. तिची भीती खोटी नव्हती. लेक सातासमुद्रापार, पहिलं बाळंतपण तिकडेच, रात्री-अपरात्री हाकेला येणारी ही एकच बाई. विहीण रुसली तर इथून कोण कसं धावून जाणार?

रविकांतचं मात्र निराळं होतं. तो 'मांजराकाठ'चा औशाचा बातमीदार. विहीणबाई पेपरवाल्या, आपण पेपरवाले, तेव्हा त्यांचा मान पेपरातच झाला पाहिजे, असं त्याने ठरवलं. ऋतुजाला फोनवर विचारून विचारून त्याने बाईंचा परिचय लिहिला आणि जिथे माहिती कमी पडली तिथे मन मोठं केलं. शेवटी 'गुरुवारी सकाळी अकरा वाजता औसा येथे कार्यक्रम' अशी ओळ टाकली, इंटरनेटवरून एक फोटो काढला आणि लातूरच्या ऑफिसला पाठवून दिला.

आता त्याने लातूरला पानं लावणाऱ्या व्यंकटीला फोन लावला. "व्यंकटी, जिती बाई मारलीस की रे!"

"म्या कामून मारू? तुमीच मारून पाठवली."

"मी परिचय पाठवला होता, परिचय!"

"फोटो कसला व्हता सायब? बाईनं काळं घातल्यालं, तोंड उतरल्यालं, म्होरं फुलांचा ढीग."

"अरे, ती राजघराण्यातल्या मयतीची बातमी देत होती!"

"फोटोत मला काय दिसणार कोण कुणाच्या मयतीला उभं हाय? अन् मजकुरात समदं व्हत्या, गेल्या, लिहिलं, गाजवलं. बरं, मला सांगा, आपल्या पेपरात जित्या माणसाचं चरित्र कवा छापताव आपण? वाढदिवसाला. तवा संगं जाहिरात येती. हितं जाहिरात न्हाई, वाढदिवस न्हाई, अन् चरित्र अर्धं पान. मग माणूस गेलाच की!"

नोकरीच्या इतक्या वर्षांत हा नियम मोडलेला रविकांतलाही आठवेना.

"अन् ते अंत्यविधीचं?"

"तुमीच लिवलं की अकराला कार्यक्रम. गेलेल्या माणसाचा दुसरा कोणता कार्यक्रम असतो?"

तोवर आतून दाजी, म्हणजे शिवशंकर, आले होते. त्यांनी पेपर वाचला. पुन्हा वाचला. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "मेव्हणे, तुमी आमचं घर बुडवलं." मागून सिंधूने ऐकलं आणि पेपर हिसकून घेतला. "रव्या, माझ्या लेकीच्या ओटीच्या दिवशी तिच्या सासूला मारलंस रे! आता ती पोरीला सुखानं नांदवील का?"

ठरलं असं की विहीणबाई उठायच्या आत लोकांना गल्लीतूनच परतवायचं आणि हे प्रकरण त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. ऋतुजाने वरच्या खोलीच्या दाराशी बसायचं, रविकांतने गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं.

पण औशात परक्या देशातलं माणूस रोज मरत नाही. नऊ वाजल्यापासून लोक येऊ लागले. रविकांत प्रत्येकापुढे हात जोडून सांगे, "बाई जिवंत हाय हो! झोपल्यात!" त्यावर बायका डोळे पुसत, बाप्ये त्याच्या पाठीवरून हात फिरवत. "डोक्यावर परिनाम झाला बिचाऱ्याच्या. लई जीव व्हता वाटतं," असं म्हणून ते त्यालाच धरून अंगणात आणत. जितका तो जास्त ओरडे, तितकी त्याची कीव जास्त येई. साडेदहापर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही आणि पिठल्याची अकरा पातेली जमली.

एवढ्यात गल्लीत धडधडाट झाला आणि जेसीबी येऊन दाराशी थांबला. जेसीबीवाला सटवाजी केबिनमधून उडी मारून उतरला. "त्यांच्यात पुरत्यात म्हणं. आपल्याला काय म्हाईत न्हाई, पर मानसानं मानसाच्या कामाला यावं. जागा कुठं दावताव?"

शिवशंकर त्या यंत्राच्या दात्यांकडे बघतच राहिले. सटवाजीला रागवावं की त्याचे पाय धरावे, हेच त्यांना कळेना.

जेसीबीच्या मागोमाग माजी सभापती नरसिंगराव आले, हातात पुष्पचक्र आणि कार्यकर्त्याच्या खांद्यावर स्पीकर घेऊन. माणसं जमलेली आणि माइक चालू, एवढं दिसल्यावर नरसिंगराव थांबले असते तर ते सभापतीच झाले नसते. "डोरीनताई मला सख्ख्या बहिणीसारख्या!" त्यांनी सुरू केलं. "गेल्याच साली मुंबईत भेटल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, नरसिंगराव, औशाकडं लक्ष असू द्या..."

वरच्या गॅलरीचं दार उघडलं. मागून ऋतुजा ओढत होती, पण जेसीबीच्या आवाजाने दचकून उठलेल्या विहीणबाई तिला बधल्या नाहीत. पांढरा पायघोळ झगा, पांढरे मोकळे केस आणि पांढराफटक चेहरा. अंगणात किंकाळी उठली. निम्मी माणसं गल्लीत पळाली, आणि पळताना रेणुका तिच्याच पिठल्यात बसली.

डोरीनबाईंनी खाली बघितलं. गर्दी, पुष्पचक्र, माइक धरलेला पुढारी. असला देखावा दिसल्यावर मागे उभं राहण्याची त्यांना सवयच नव्हती. त्या तरातरा जिना उतरल्या, लोकांनी आपोआप वाट दिली आणि त्या नरसिंगरावांच्या थेट पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मग इंग्रजीत काहीतरी विचारलं.

ऋतुजाने भीत भीत मराठीत सांगितलं, "त्या... त्या विचारतायत, कोण गेलं?"

सगळे नरसिंगरावांकडे बघू लागले.

"त्या विचारतायत, तुम्ही त्या व्यक्तीला जवळून ओळखत होतात का?"

"लई जवळून," नरसिंगराव माइकमध्येच म्हणाले.

"शेवटचं कधी भेटलात?"

नरसिंगरावांनी हातातल्या पेपरातला फोटो बघितला, समोरचा चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला. मग मात्र त्यांनी पुष्पचक्रावरची 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही पट्टी उपटून खिशात कोंबली, चक्र बाईंच्या हातात दिलं आणि माइक तोंडाशी नेला. "अशा या थोर भगिनीचा जाहीर सत्कार करताना मला अतिशय आनंद होतोय!" टाळ्या पडल्या. सटवाजीने सगळ्यांत मोठ्याने वाजवल्या.

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. बाईंनी पेपर मागून घेतला, स्वयंपाकघराजवळच्या खाटेवर बसल्या, पर्समधून पेन्सिल काढली आणि ऋतुजाला वाचून इंग्रजीत सांगायला लावलं. सिंधू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रविकांत पायाशीच बसला होता, लोटांगण घालायला सोपं जावं म्हणून.

ऋतुजा भीत भीत सांगत गेली. बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"वय चुकलं. चौऱ्याहत्तर नाही, बहात्तर," त्यांनी खूण केली. "रोज राजाच्या घरी चहाला जात असे? हे कोणी सांगितलं? मी आयुष्यभर फाटकाबाहेर पावसात उभी राहिले. चहा मी थर्मासातून न्यायचे." आणखी एक खूण. "आणि हे काय, मनमिळाऊ स्वभाव? हे आधी काढा. तीन पंतप्रधानांनी मला खोलीतून बाहेर काढलं होतं. हे वाचलं तर त्यांना वाटेल, दुसरंच कोणी मेलं."

रविकांत मान डोलवत राहिला. आता शेवटची ओळ उरली होती आणि तिथे ऋतुजा अडखळली. तिने मामाकडे रागाने पाहिलं.

"वाच," बाई म्हणाल्या.

"त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे."

बाईंचा नवरा पंचवीस वर्षांपूर्वी सोडून गेला होता. मुलगा एकच, ऑलिव्हर. राजघराण्यातल्या सगळ्यांची नाती तोंडपाठ असलेल्या या बाईच्या स्वतःच्या घरात दुसरं माणूसच नव्हतं, आणि हे इथे सगळ्यांना माहीत होतं. सिंधूला वाटलं, संपलं. आता बाई उठणार आणि बॅग भरणार.

"ते... ते व्यंकटीनं लावलं," रविकांत कसाबसा म्हणाला. "आमी समद्यांनाच लावताव. साच्यातच हाय ते."

पेन्सिल त्या ओळीवर येऊन थांबली होती. बाहेर बायका रेणुकाच्या लुगड्यावरचं पिठलं पुसत होत्या. शिवशंकर सटवाजीला, आलाच आहेस तर जेवून जा, म्हणून हाताला धरून बसवत होते. बाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल पर्समध्ये ठेवली.

"हे राहू द्या," त्या म्हणाल्या. "एवढं बरोबर आहे."

ऋतुजाने मराठीत सांगितलं तेव्हा सिंधूला आवरलं नाही. ती पुढे आली आणि विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडली, अगदी मोठ्याने. बाई अवघडल्या, पण त्यांनी तिला दूर केलं नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इंग्लंडहून ऑलिव्हर होता. पेपरातली ती काळी चौकट कोणीतरी त्याला पाठवली होती आणि त्याने ती मोबाइलवरच इंग्रजी करून वाचली होती. आईचा आवाज ऐकून तो आधी रडला, मग हसला, मग एकदम ओरडला. तो काय ओरडला ते ऋतुजाने सगळ्यांना सांगितलं, "तो विचारतोय, मला बहीण आणि भाऊ कधी झाले?"

बाईंनी ऋतुजाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "मुलगी ही इथे माझ्याजवळ बसली आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "दुसरा मुलगा कोण, ते बातमीदाराला विचारून सांगते."

आणि त्यांनी चष्म्यावरून रविकांतकडे पाहिलं. रविकांतने घाबरून पुन्हा व्यंकटीला फोन लावला.