लांजेवार काकांचा तक्रार-वर्ग

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते केशवराव लांजेवार, राहणार रिसाली, भिलाई, कोणालाही 'कसे आहात' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "तक्रार काय?" दारात पाहुणा आला, रस्त्यात ओळखीचा भेटला, दवाखान्यात कोणी पलंगावर पडलेला असला, तरी हाच प्रश्न. स्मृति नगरातल्या एका लग्नात त्यांनी आहेर देताना नवरदेवालाही हेच विचारलं. नवरदेव भाबडा होता. त्याने बूट चावतात इथपासून सुरुवात केली आणि आहेराची रांग मंडपाबाहेर गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बूट काढून टाक. बाकीचं हळूहळू पाहू."

ही सवय नोकरीची. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या क्वार्टर्सची देखभाल करणाऱ्या ऑफिसात, तक्रारीच्या खिडकीमागे काका सव्वीस वर्षं बसले. नळ गळतो, संडास तुंबला, छताचा पोपडा पडला, वरच्या मजल्यावरचे लोक दुपारी मसाला कुटतात. शेवटची तक्रार त्यांच्या खात्याची नव्हती, पण तीही ते लिहून घेत. कोणी भोजपुरीत सांगे, कोणी तेलुगू मिसळलेल्या हिंदीत, कोणी छत्तीसगढीत. जो ज्या बोलीत येई त्या बोलीत काका ऐकत आणि प्रत्येकाला नंबर देत. त्यांचं म्हणणं असं की नळ दुरुस्त होवो न होवो, नंबर भेटला की माणसाले झोप येते.

मला त्यांनी काय दिलं ते सांगतो. माझे वडील पावर हाउस भागातल्या ठोक बाजारात हमाली करत. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी सगळे पेपर दिले आणि गुणपत्रिकेत एका विषयात गैरहजर निघालो. मी कोणाला काही बोललो नाही. पुढच्या वर्षी पुन्हा देऊ, असं ठरवून टाकलं. आमच्यासारख्याला कॉलेजात घेतलं हेच पुष्कळ, वर आणखी भांडायला कुठे जायचं, असं तेव्हा मला मनापासून वाटत होतं. त्याच सुमारास वडिलांबरोबर काकांच्या क्वार्टरवर तांदळाचं पोतं पोचवायला गेलो. काकांनी विचारलं, "तक्रार काय?" वडील म्हणाले, काही नाही साहेब. मीही तेच म्हटलं.

काका माझ्याकडे पाहत राहिले. "ज्याची काहीच तक्रार नाही त्याचा नळ जन्मभर गळते," ते म्हणाले. "बस इथं. सांग."

मी सांगितलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. पहिल्या ओळीत काय झालं ते, दुसऱ्या ओळीत काय पाहिजे ते, 'कृपया' एकदाच, रडगाणं अजिबात नाही. चार वेळा लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते माझ्यासोबत कॉलेजच्या फाटकापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मी आत आलो तर ती माझी तक्रार होईल, तू जा, असं म्हणाले. दीड महिन्याने गुणपत्रिका दुरुस्त होऊन आली. आज मी रायपूरच्या एका कॉलेजात कारकून आहे आणि माझ्यासमोरही एक खिडकी आहे.

मी पदवी घेऊन नोकरीच्या परीक्षा देत होतो तेव्हा काकांनी अचानक प्लांटची नोकरी सोडली. निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. भिलाईत लोक नोकरीसाठी वाट पाहतात, नोकरी कोणी टाकत नाही. काकांनी एकाला गुडघ्याचं कारण सांगितलं, दुसऱ्याला म्हणाले की आता तक्रारी मोबाइलवर घेतात, खिडकीचं काही काम राहिलं नाही, आणि तिसऱ्याला, मले आता धंदा करायचा आहे. काकूंनी चार दिवस अबोला धरला. मुलगा प्रशांतदादा रायपूरहून येऊन मोठमोठ्याने बोलून गेला. क्वार्टर सुटलं, प्लांटच्या हॉस्पिटलची सोय कमी झाली, आणि दोघं रिसालीत दोन खोल्यांत राहायला आले. तिथे टेबलावर एक जुना लॅपटॉप होता. काका म्हणाले, "राजू, हे कसं चालू करतात?" तेव्हापासून त्यांच्या धंद्याचं तांत्रिक खातं माझ्याकडे आलं.

धंदा म्हणजे घरबसल्या ऑनलाइन मराठी बोलायला शिकवण्याचा. विदर्भातून प्लांटवर आलेल्या लोकांची मुलं आता बेंगळुरूला, दुबईला, अमेरिकेला आहेत. त्या मुलांच्या मुलांना मराठी येत नाही आणि गावाकडच्या आजीला दुसरं काही येत नाही. गिऱ्हाईक होतं. काकांनी मोबाइलवरच्या सगळ्या ग्रुपांत जाहिरात टाकली, मजकूर मीच टाइप केला: 'मराठी शिका. मुळाक्षरे नाहीत. कविता नाहीत. फक्त तक्रार.'

काकांचा सिद्धांत पक्का होता. कौतुक माणूस कोणत्याही भाषेत करतो, खोटंही करतो. तक्रार मात्र पोटातून येते, म्हणून भाषा तक्रारीतूनच येणार. पहिल्या दिवशी पडद्यावर एखादं आठ वर्षांचं पोर दिसे. काका लांबट हिरव्या बांधणीचं रजिस्टर उघडत आणि विचारत, तक्रार काय? पोर बावचळून आईकडे पाही. मग काका आवाज उतरवून म्हणत, "आई काय त्रास देते?" आणि धरण फुटे. पण इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. काका पेन खाली ठेवत. "हिंदीतली तक्रार नोंदल्या जात नाही. मराठीत सांग, नंबर देतो."

नंबर हवा म्हणून पोरं शब्द शोधत. आई. मला. रोज. भेंडी. काका एकेक शब्द लिहून घेत, चुकलेलाही, आणि वर्ग संपल्यावर त्या आईला फोन करून विचारत की एकशे चौदा नंबर, भेंडी, कारवाई काय केली? टेक्सासमधल्या एका बाईंनी मला स्वतंत्र फोन केला. मुलगी मराठी बोलायला लागली हे खरं, पण सगळं माझ्याविरुद्धच बोलते, असं त्यांचं म्हणणं होतं. मी काकांना कळवलं. त्यांनी बाईंच्या नावाने वेगळं पान उघडलं. वर्षभरात एकोणीस मुलं झाली. काकू भाजी निवडत म्हणायच्या, "सव्वीस वर्षं लोकायचे नळ ऐकले, आता लोकायची लेकरं ऐकून राहिले. आमचं कोणी ऐकत नाही." काका लगेच पेन उचलून विचारत, नंबर देऊ का?

एका गोष्टीचा मात्र मला उलगडा होत नव्हता. रविवारी सकाळी दहाची वेळ ते कोणालाच देत नसत. मुलांना शाळा नाही, आईबापांना सुट्टी, आठवड्यातली सर्वांत चांगली वेळ. नागपूरच्या एका आईने तीनदा मागितली. काकांनी तिन्ही वेळा भरलेली आहे असं सांगितलं. पण त्या वेळी काका इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर नुसते बसलेले असत. मी विचारलं तर म्हणाले, मशीनची मेंटेनन्सची वेळ आहे. ते मशीन मीच सांभाळत होतो. रविवारी त्याला काही होत नसे.

शेवटी काकूंनी सांगितलं, मागच्या गॅलरीत, आवाज दाबून. प्रशांतदादाची मुलगी अन्वी. ती चार वर्षांची असताना एकदा फोनवर काकांना म्हणाली, "दादू, हिंदी में बोलो ना." काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन नोकरी सोडण्याचा अर्ज दिला. "पोरीले बोलतं कसं करायचं ते मले येत नाही," असं काकूंना म्हणाले. "आधी दुसऱ्याच्या पोरायवर शिकतो."

ते शिकले. एकोणीस पोरं बोलती केली. पण अन्वीशी तीन वर्षांत पाच वाक्यं झाली नाहीत. फोन आला की काका आधी म्हणत, आजोबा म्हण. ती गप्प. मराठीत बोल. ती फोन टाकून पळे. प्रशांतदादाने एकदा सुनावलं की लहान लेकराची परीक्षा घ्यायला फोन करू नका. काकांनी फोन करणं बंद केलं आणि रविवारची दहाची वेळ राखून ठेवली, कधीतरी तो आपणहून अन्वीचं नाव घालेल म्हणून. रिसालीहून रायपूर तासाभराच्या अंतरावर आहे.

मी नोकरीसाठी रायपूरला आलो. मागच्या शनिवारी काकूंनी दिलेले सांडगे घेऊन प्रशांतदादाच्या घरी गेलो. तिथे जे झालं ते काकांना फोनवर सांगता येईना; ते कोणाचीही तक्रार पूर्ण ऐकतात, माझी सोडून, कारण मी विद्यार्थी आहे आणि माझी वाक्यं ते मध्येच दुरुस्त करतात. म्हणून पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय काका,

राजूचा साष्टांग नमस्कार. काय झालं ते आधी लिहितो.

शनिवारी मी प्रशांतदादाकडे गेलो होतो. अन्वी दारातच भेटली. तुमच्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, तक्रार काय? तिने मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "दादू सब बच्चों की सुनते हैं. मेरी नहीं सुनते." प्रशांतदादा तिथेच उभा होता. तो आतल्या खोलीत गेला. मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आला आणि विचारलं की बाबांच्या वर्गात जागा असते का. मी म्हटलं, रविवारी दहाला आहे. तुम्हाला न विचारता म्हटलं.

आता काय पाहिजे ते. येत्या रविवारी ती बसेल. ती हिंदीतच बोलेल, कारण तिला तेवढंच येतं. तुम्हीही हिंदीत बोला, काका. खिडकीवर तुम्ही कोणाला भाषा विचारली नव्हती. मराठी तिला येईल, तुम्ही शिकवाल तर नक्की येईल, पण एखाद्या महिन्याने येऊ द्या.

आणखी एक. जिन्यावरून तिने मला हाक मारून विचारलं, "आजोबा बोलना पड़ेगा क्या?" मी सांगितलं, नाही, दादूच म्हण. हेही तुम्हाला न विचारता सांगितलं आहे. कृपया सांभाळून घ्यावं.

आपला,
राजू