एका रविवारात तीस सकाळी

"एक महिना! फक्त एक महिना द्या मला!" सर सासऱ्यांसमोर छाती फुगवून म्हणाले. "सगळं शहर माझ्या जिन्यावर रांग लावील!"

सासरेबुवांचं रंगाचं दुकान होतं. आयुष्यभर डबे ढवळून त्यांना एक समजलं होतं, की वर आलेला फेस म्हणजे रंग नव्हे.

"रांग राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "तीस नवी माणसं आणा. महिनाअखेर तीस भरली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही भरली, तर स्टुडिओला कुलूप, आणि एक तारखेपासून तुम्ही माझ्या दुकानात!"

सरांना सगळेच सर म्हणत, म्हणून आपणही सरच म्हणू. त्यांचा व्यायामाचा स्टुडिओ म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, दीड आरसा (उरलेला अर्धा एका निसटलेल्या डंबेलने नेला), पस्तीस चटया आणि आठ सभासद. त्या आठांतले दोघे फक्त पंख्याखाली बसायला यायचे. चौकात काचेची भलीमोठी जिम उघडल्यापासून नववा माणूस काही जिना चढला नव्हता. पण सरांचा जीव त्या खोलीत अडकलेला! रंगाच्या डब्यांमागे बसायचं या नुसत्या कल्पनेनेही ते दोन बैठका जास्त मारायचे.

योजना मात्र जबरदस्त होती. सोशल मीडियावर तीस दिवस, रोज सकाळी सहाला, एक व्हिडिओ. मालिकेचं नाव 'तीस दिवसांत नवा माणूस'! आणि पहिलंच वाक्य ठरलेलं: "रोज माझ्यात होणारा बदल स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"

आता रोज पहाटे उठायचं, दाढी करायची आणि कॅमेऱ्यासमोर हसायचं, हे काय माणसाचं काम आहे? सरांना कळलं, की हुशार लोक सगळे व्हिडिओ एकदमच करून ठेवतात आणि मग फोन आपला आपण रोज एकेक सोडत राहतो. झालं! सगळी मालिका एका रविवारी उरकायचं ठरलं.

बायको शाळेत शिक्षिका. पेपर तपासायचे बाजूला ठेवून ती बिचारी फोन धरायला आली. "अहो, आज दहा करा," ती म्हणाली. "बाकीचे पुढच्या रविवारी."

"वीस वर्षं कसलेलं अंग आहे हे! तू फक्त बटण दाब!"

सहा वाजता पहिला व्हिडिओ झाला. सर असे उड्या मारत होते, की खालच्या दुकानातल्या सायकलींच्या घंट्या आपोआप वाजल्या. दर व्हिडिओनंतर टी-शर्ट बदलायचा, पुन्हा हसायचं, पुन्हा "शुभ सकाळ मित्रांनो!" शिवाय प्रत्येक व्हिडिओत एखादा शब्द अडखळायचा, म्हणजे तोच व्यायाम दोनदा. दहाव्या व्हिडिओला उड्यांच्या जागी टाचा उचलणं आलं. पंधराव्याला सरांनी सहानंतर थेट नऊ मोजले. विसाव्याला भिंत धरली. चोविसाव्याला "शुभ सकाळ" म्हणताना जी जांभई आली, ती व्हिडिओ संपला तरी मिटली नव्हती!

सत्ताविसाव्याला सर चटईवर उताणे पडले ते पडलेच.

"अहो, उठा की!"

"हा आडवा व्यायाम आहे," सर छताला म्हणाले. "दाब बटण."

तिसाव्या व्हिडिओत त्यांनी डोळे मिटून एक बोट वर केलं आणि पुटपुटले, "मित्रांनो... तुम्हीही... असेच व्हाल."

बायको म्हणाली, "फोनला लावण्याआधी एकदा बघून तरी घ्या."

"स्वतःच केलेलं काय बघायचं!" सरांनी तीसच्या तीस व्हिडिओ ओळीने लावून टाकले. दोन दिवस गरम पाण्याची पिशवी घेऊन ते झोपून राहिले आणि तिसऱ्या दिवशी ठणठणीत झाले.

पहिल्याच व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "गुडघा चुकतोय." सर भडकले. त्या क्षणापासून त्यांनी कॉमेंट वाचायच्या नाहीत अशी शपथच घेतली. प्रेक्षकांचा आकडा तेवढा बघायचा. आणि काय तो आकडा! आठव्या दिवशी दोनशे, पंधराव्या दिवशी सहा हजार, बाविसाव्या दिवशी चाळीस हजार! सर रोज सासऱ्यांना फोन करून आकडा ऐकवायचे.

"माणसं किती आली?" सासरे विचारायचे.

"येतील हो! आधी हवा तर होऊ द्या!"

हवा मात्र झालीच. न्हाव्याने हात धरून खुर्चीत बसवलं आणि पैसे घेतले नाहीत. औषधाच्या दुकानात लोकांनी रांगेत पुढे जाऊ दिलं. बसमध्ये तर काठी टेकत आलेल्या एका आजीबाईंनी उठून त्यांना जागा दिली! "बस रे बाळा," म्हणून पाठीवरून हात फिरवला. सर घरी येऊन म्हणाले, "याला म्हणतात प्रसिद्धी!"

अठ्ठाविसाव्या दिवशी बायको शाळेतून आली ती तरातरा. "अहो, मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, धीर धर, लागेल तेवढी रजा घे! मला कळेना काय झालं. हे वाचा!"

सरांची शपथ मोडली. त्यांनी कॉमेंट वाचल्या.

"पहिल्या दिवशी किती छान दिसत होतात हो!"

"मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. आधी सहाला उठायचे, आता दुपारी चारला उठतात. अशक्तपणा, दुसरं काय!"

"यांच्याकडे बघून मी व्यायाम सोडला."

"तिसाव्या दिवसापर्यंत टिकतील का? घरात सगळे रोज सहाला उठून बघतो."

सरांनी आकडा पाहिला. नव्वद हजार माणसं व्यायामाने खंगत चाललेला माणूस बघत होती! बायको ओढणी तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"काढून टाकतो सगळं!"

"आत्ता काढलंत, तर लोक समजतील तुम्ही गेलात!"

तेही खरंच. संध्याकाळी सर एकटेच स्टुडिओत चटया गुंडाळत बसले. माणसं शून्य आली होती. त्यांना फार वाईट वाटलं. बायको येऊन शेजारी बसली, तिनेही एक चटई गुंडाळायला घेतली, आणि आता मात्र ती हसली नाही.

तिसाव्या दिवशी व्हिडिओ सुटला. नऊ वाजता सर स्टुडिओ उघडायला गेले, तर जिना माणसांनी भरलेला! कुणी फळं आणलेली, कुणी रक्तदाब मोजायचं यंत्र. सर घाबरून दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले.

"अरे! हे तर चालतायत!" जिना ओरडला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सरांनी कान पकडले. "लोकहो, मला काहीही झालेलं नाही. तीस व्हिडिओ मी एकाच रविवारी केले. चुकलो! माफ करा."

मग पुढच्याच पायरीवरच्या निवृत्त पोस्टमास्तर बाई म्हणाल्या, "म्हणजे सत्ताविसावा दिवस खोटा?"

"म्हणजे?"

"उताणं पडायचं, डोळे मिटायचे, श्वास सोडायचा! तुमच्या काळजीने मी सोबत म्हणून करायला लागले. चार दिवसांत गुडघा दुखायचा थांबला आणि सुनेवर एकदाही ओरडले नाही. ते पहिले सव्वीस दिवस घाला चुलीत. शेवटच्या चार दिवसांचा वर्ग आहे का?"

"आम्हालाही तेच जमतं!" मागून दहा आवाज आले.

"आहे! आहे ना!" सर म्हणाले. "रोज दुपारी, दोन ते चार!"

बाराच्या आत एकोणतीस जणांनी नावं दिली. त्यानंतर जिना रिकामा. सर दारात येरझाऱ्या घालत राहिले. एकच माणूस कमी!

आणि आले ते सासरे, कुलूप घेऊन.

"किती?"

"एकोणतीस," सर यादी पुढे करत म्हणाले.

"अरेरे! शब्द म्हणजे शब्द. पण शिकवताय तरी काय?"

"बसा ना, दाखवतो."

सासरे चटईवर आडवे झाले. डोळे मिटले. श्वास सोडला. तो श्वास पुढचा दीड तास मोठ्या आवाजात ये-जा करत राहिला. उठले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा झालेला! "तीस वर्षांत दुपारी पाठ टेकली नव्हती हो," ते म्हणाले. "लिहा! तिसावं नाव माझं!"

सरांनी त्यांना मिठीच मारली. "म्हणजे स्टुडिओ राहिला!"

"राहिला! मी पुन्हा तोंड उघडणार नाही." एवढं बोलून सासऱ्यांनी लगेच उघडलं. "पण दोन ते चार मी इथे असलो, तर दुकान कोण बघणार?"

"एखादा माणूस ठेवा की!"

"ठेवलाय ना. जावईबापू, झोपणाऱ्यांना शिकवायला मास्तर कशाला लागतो?"

एक तारखेला दुपारी अडीच वाजता सर रंगाच्या दुकानात पांढऱ्याचा डबा ढवळत होते. तेवढ्यात बायकोचा संदेश आला: "अहो, वर्ग मस्त चाललाय. सगळे गाढ. तुमची उणीव कुणालाच भासली नाही!"