अधीक्षकांनी केलेली साफसफाई

अधीक्षकांची बायको शिवणाच्या गिऱ्हाइकाला कोटाच्या कॉलरचे नमुने कम्प्युटरवर दाखवत होती आणि कॉलरच्या शेजारी एक टक्कल चमकत होतं. टकलाखाली लिहिलं होतं, 'आता लपवा. आमचा केसांचा टोप बायकोलाही ओळखू येत नाही.' सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या अधीक्षकांनी पेपर आणखी वर धरला.

"या टोपवाल्यांनी तर पिच्छाच पुरवलाय," बायको म्हणाली.

"आपण जे बघतो तेच दाखवतात म्हणे," गिऱ्हाईक म्हणालं. हे गिऱ्हाईक म्हणजे बँकेतल्या बाई. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीच्या खात्यात जमा होत असे.

"आमच्याकडे कोण बघणार टोप?" बायको हसली आणि पुढची कॉलर दाखवू लागली.

टोप अधीक्षकांनीच बघितले होते. कार्यालयात नवा फोटो लागला होता, जिन्यावरून काढलेला. त्यात बाकीच्यांचे चेहरे आले होते आणि अधीक्षकांचं नुसतं तुळतुळीत डोकं. त्यांनी टोप मागवला नव्हता, फक्त पाहिले होते, पण चोरी केल्यासारखी लाज वाटत होती. केसांना कलप लावणाऱ्या सहकाऱ्यांना 'रंगारी' म्हणून हिणवण्यात त्यांचीच हयात गेली होती. हे बायकोला कळलं असतं तर ती हसली असती, आणि तिच्या धाकट्या भावाला कळलं असतं तर अधीक्षकांना घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. हा मेहुणा कम्प्युटर दुरुस्त करायचा आणि भाऊजींची फजिती हे त्याचं आवडतं खाद्य होतं.

रविवारी बायको शिवलेले कपडे पोचवायला गेली, तेव्हा अधीक्षक कम्प्युटरसमोर बसले. 'जाहिराती कशा घालवाव्यात' असं त्यांनी विचारलं. उत्तरांत सर्वांत वर 'साफसूफ' नावाचा फुकट प्रोग्राम होता. ती स्वतःच एक जाहिरात होती, पण पहिला आलेला लायकच असणार, अशी परीक्षा विभागात मुरलेल्या अधीक्षकांची धारणा होती. त्यांनी तो उतरवून घेतला.

मग एकामागून एक चौकटी येऊ लागल्या. शोधपट्टी हवी? मुखपृष्ठ बदलू? हवामानमित्र सोबत देऊ? सूचना पाठवू? समजूतदार माणूस अशा वेळी चौकटी मोकळ्या सोडतो. पण एक चौकट कोरी राहिली म्हणून अधीक्षकांनी आजवर कितीतरी रडवेल्या विद्यार्थ्यांचे अर्ज परत पाठवले होते. त्यांनी प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण केली आणि समाधानानं हात झटकले.

टोप गेले, हे खरं. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाई बाह्या निवडत असताना पडद्यावर एक तरुणी उगवली. 'तुमच्यापासून चार घरं पलीकडे एक एकटी स्त्री तुमची वाट पाहते आहे.'

बाईंनी बोटं मोजली. "चार घरं पलीकडे तर आमच्या आत्याबाई राहतात."

बायकोनं घाईघाईनं फुली दाबली. एकीच्या दोघी झाल्या.

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, काय आहे हे?"

"मला काय माहीत?"

"मग काय मला हव्यात एकट्या बायका?"

त्या दिवसापासून अधीक्षक दिसले की आत्याबाई खिडकीचा पडदा ओढून घेऊ लागल्या. शरमेनं अधीक्षकांनी कार्यालयाचा रस्ता बदलला, तर आत्याबाई म्हणाल्या, "बघा, मनात चोर आहे." कम्प्युटर सुरू केला की तरुणी, बंद करायला जावं तर तरुणी. घरात बायकोचं बोलणं मात्र बंद झालं होतं. ती नुसती खाटखाट कात्री चालवायची, आणि तो आवाज अधीक्षकांना ओरडण्यापेक्षा जास्त लागायचा. शेवटी तिनं भावाला बोलावलं.

"काय भाऊजी, एकट्या बायका काय म्हणतात?" मेहुण्यानं दारातूनच सुरुवात केली. मग कम्प्युटरवरचे सगळे प्रोग्राम त्यानं तारखेप्रमाणे लावले आणि शीळ घातली. "साफसूफ, शोधपट्टी, हवामानमित्र, कूपनराणी. सगळी वरात रविवारी दुपारी आलीय. ताई, कुणीतरी एकूण एक चौकटीत खूण केलीय. माणूस चुकून तरी एखादी सोडतो गं."

"रिकामी कशी सोडायची?" अधीक्षक बोलून गेले.

दोघांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ह्या बायका..." बायकोनं विचारलं.

"बांडगूळ आहे ताई हे. फुकटच्या प्रोग्रामला चिकटून येतं. तू बघ नाहीतर मी बघतो, सगळ्यांना ह्याच बायका. चार घरं वगैरे निव्वळ थापा. एक एक काढून टाकतो, ब्राउझरला चिकटलंय तेही सोडवतो, मग एकदा पूर्ण तपासणी."

बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. लगेच दुसरी शंका चढली. तिनं अधीक्षकांना स्वयंपाकघरात नेलं.

"जाहिराती घालवायची एवढी काय निकड होती?"

अधीक्षकांनी ओट्याकडे बघत सांगून टाकलं. फोटो, डोकं, टोप, सगळं. त्यांचे कान तापले होते. बायकोनं ओठ घट्ट मिटून घेतले, तरी तिचे खांदे हलायचे ते हललेच.

"हस," अधीक्षक म्हणाले. "पण कुणाला सांगू नकोस. तुझ्या भावाला तर नाहीच नाही. माझ्यानं नाही सहन व्हायचं."

ते ऐकून बायकोचे खांदे थांबले. "इतकी वर्षं रोज बघतेय हे डोकं," ती म्हणाली. "मला विचारायचंत तरी."

दोघं बाहेर आली तेव्हा कम्प्युटर स्वच्छ झाला होता आणि बँकेतल्या बाई कोट घालून बघायला आल्या होत्या.

"झालं काम," मेहुणा म्हणाला. "पण ताई, एक कळत नाही. भाऊजींनी मुळात हे साफसूफ घेतलं कशाला? काय साफ करायचं होतं?"

बाईंचा हात बटणावरच थांबला.

बायकोनं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. "काय सांगू तुला," ती म्हणाली. "गेले होते कुठल्या भलत्या ठिकाणी, बायकांचे फोटो बघायला. मग घाबरून पुसायला गेले. दिलाय मी दम."

बाईंनी कोटाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलं. मेहुणा हळूच खुर्चीतून उठला.

"भाऊजी, तुम्ही?" त्याच्या आवाजात आजवर कधी नव्हता तो आदर होता.

अधीक्षकांनी तोंड उघडलं. एका शब्दात त्यांचं चारित्र्य धुऊन निघालं असतं. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि तो शब्द गिळला.

"चूक झाली," ते म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. त्यामुळे डोकं अगदी सगळ्यांच्या समोर आलं, पण त्याकडे कोणीही बघत नव्हतं.