सरांचा आडोसा

वाघमारे सर बुधवारी गेले. सकाळी चहा घेऊन ते माळावर गेले आणि दुपारपर्यंत परतले नाहीत. आम्ही शोधायला निघालो. सर आडोशात असणार हे सगळ्यांना माहीत होतं. आडोसा कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना.

शिरूर कासारात आमची घरं भिंतीला भिंत लागून. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. मी वाचनालयात कामाला, म्हणून मला नावाने हाक न मारता "ए वाचनालय" म्हणायचे. त्यांच्याकडे गेलं की चहा तेच आणत. सरांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, तोंडाला लकवा मारला होता. डावी बाजू ओघळली होती, डावा डोळा मिटत नव्हता. एके काळी दारात बसून अख्ख्या गल्लीची खबर घेणाऱ्या काकू तेव्हापासून पदर तोंडावर ओढून मागच्या खोलीत असत.

निवृत्तीनंतर सरांनी ठरवलं, माळावर पाखरं बघायला आडोसा बांधायचा. आत कोणी बसलंय हे पाखरांना कळू नये, आणि माणसांनाही कळू नये. पाखरांचं मला पटलं. माणसांना कळलं तर काय बिघडतं, असं मी विचारलं.

"माणूस लई बघतो बे," सर म्हणाले.

पहिला आडोसा कडब्याचा होता, हुबेहूब गंजीसारखा रचलेला. मला वाटेवर उभं करून सर आत शिरले आणि आतून ओरडले, "दिसतो का?" मी म्हणालो, कडब्याची गंजी दिसते. आतली गंजी बराच वेळ हसत होती. अडचण एवढीच, की दगडू धनगराच्या शेळ्यांनाही ती गंजीच दिसली. दगडू पोचेपर्यंत एक बाजू फस्त झाली होती आणि उघड्या पडलेल्या बाजूला सर परीक्षेचं पॅड मांडीवर घेऊन बसले होते. शेळ्या हाकलायला तो धावला, तर सरांनी त्यालाच दटावलं.

"म्हणले, खाऊ दे, पर हळू. समोरचं तितर उडंल," दगडू मला सांगत होता.

दुसरा आडोसा मातीचा. वरून वाळकं गवत चिकटवलेलं. उन्हाळाभर तो माळात असा मिसळला, की सर स्वतः दोनदा त्याला धडकले. मग पाऊस पडला, माळ हिरवा झाला आणि आडोसा तेवढा पिवळा राहिला. आता तो एसटीतूनही दिसतो, असं मी सांगितल्यावर सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर वर्षभर ते दगडूच्या शेळ्यांमागे फिरले. शेळ्या काय खात नाहीत हे त्यांना बघायचं होतं. दगडू वैतागला. "मी शेळ्या राखतो अन् सर शेळ्यांची तोंडं राखतेत," म्हणायचा. अखेर सरांना उत्तर मिळालं : तरवड. बारा महिने हिरवं झुडूप, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. तिसरा आडोसा त्यांनी एका जुन्या बांधाच्या पोटात खोदला. दगड लावताना ज्याची जी बाजू आधी उन्हात होती तीच बाहेर ठेवली. वरून तरवड लावला. तेव्हापासून "दिसतो का?" हे विचारणं बंद झालं.

मला त्यांनी एकदाच आत नेलं, तेही ओढ्यातून वळसे घेत. आत बसायला दोन दगड होते. बघायची फट फार खाली होती, उजवीकडे सरकलेली; डावीकडची बाजू पार लिंपून टाकलेली. मान मोडून बघावं तेव्हा अर्धा माळ दिसे. मी म्हणालो, सर, एवढं करून खिडकी चुकली.

"चुकली न्हाई. डावीकडनं वारं लागतं," सर म्हणाले. एवढ्याशा वाऱ्याला घाबरणारा निसर्गनिरीक्षक म्हणून मी त्यांना पुढे बरेच दिवस चिडवलं.

बुधवारी आम्ही गल्लीतले चौघे आणि दगडू हाका मारत माळ पालथा घालत होतो. तरवड सगळीकडे फुलला होता. कुठलाही बांध आडोसा वाटत होता आणि कुठलाच नव्हता. तेवढ्यात मागून काकू आल्या. पदर खांद्यावर होता. त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांनी पाहत होतो. त्या आमच्यामधून सरळ एका बांधाकडे गेल्या, तरवड बाजूला केला आणि वाकल्या.

"हितं हायत," त्या म्हणाल्या.

सर भिंतीला टेकून होते, अंग गार पडलेलं. शेजारच्या दगडावर घडी घातलेली गोधडी होती. नंतर एकदा मी त्या गोधडीवर बसून पाहिलं. काकूंच्या उंचीला वाकलो, तर फट बरोबर उजव्या डोळ्यासमोर आली. डाव्या डोळ्याला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागली नाही.

दोघं रोज उजाडायच्या आधी तिथे जात, हे काकूंनीच मला सांगितलं. त्यांनी मोर पाहिले, खोकडाची पिल्लं पाहिली. "तितं मला कुनी बघत नव्हतं. म्याच समद्यांना बघायची," त्या म्हणाल्या. बुधवारी त्यांना ताप होता. मी बघून येतो अन् तुला सांगतो, असं म्हणून सर एकटे गेले होते.

आता काकू चांगलं उजाडल्यावर निघतात. गल्लीतून, पदर खांद्यावर घेऊन. वाटेत कोणी भेटलं तर थांबतात, बोलतात. आडोशात दोन दगड आहेत. एकावर काकू बसतात.