पोटभर हे माप नव्हे

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी रसायनतज्ज्ञ होतो. बॉयलरमध्ये जाणारे पाणी तपासणे आणि त्याचा अहवाल वर पाठवणे, एवढेच माझे आयुष्यभराचे लेखन. त्या अहवालात विशेषणांना जागा नसे. ज्या वयात बहुतेक लोक लिहिणे थांबवतात, त्या वयात मी सुरुवात करतो आहे. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे. परंतु एका व्यक्तीचे ऋण माझ्यावर आहे आणि ती व्यक्ती आभार मानू देत नाही. मी समोर बसून शब्दांची जुळवाजुळव करू लागलो की ती म्हणते, "ते राहू द्या. काल काय जेवलात?"

नलूताईंशी माझी खरी ओळख याच प्रश्नाने झाली, आणि तीही अशा दिवशी, ज्या दिवशी हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. माझी पत्नी सुलभा गेली, त्यानंतर काही दिवसांनी गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीतली मंडळी भेटायला आली होती. जे बोलायचे असते ते सर्वांचे बोलून झाले होते आणि सगळे खाली मान घालून बसले होते. इतक्यात वरच्या मजल्यावरच्या नलूताई आल्या. कोणाकडेही न पाहता थेट स्वयंपाकघरात गेल्या, तिथे क्षणभर थांबल्या, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर बसत म्हणाल्या, "शिरसाठ, काल रात्री काय जेवलात?"

सोसायटीचे सेक्रेटरी खाकरले. मी गोंधळून म्हणालो, "वरण-भात. भाजी."

"आणि?"

"कोशिंबीर."

त्यांनी मान हलवली आणि त्या उठून गेल्या. सेक्रेटरींच्या पत्नी माझी समजूत घालू लागल्या, की भाऊ, मनावर घेऊ नका, त्या सगळ्यांनाच विचारतात.

खरोखरच त्या सगळ्यांना विचारतात. पोषणावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत नलूताईंची नोकरी झाली. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात पाड्यापाड्यांवर जायचे, घरातल्या बाईने आदल्या दिवशी काय आणि किती खाल्ले ते विचारून घ्यायचे आणि त्यावरून तिच्या अंगात काय कमी पडते आहे हे शोधायचे, हे त्यांचे काम. ऐकायला सोपे वाटते. पण आपण काल दुपारी नेमके काय खाल्ले, हे आत्ता आठवून पाहावे, म्हणजे त्या कामाची कल्पना येईल. नलूताई निवृत्त झाल्या. त्यांचा प्रश्न निवृत्त झाला नाही. जिन्यात, बँकेच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरांकडे, जिथे आपण पावसापाण्याचे बोलतो तिथे त्या कालच्या जेवणाचे बोलतात.

त्यांचे काही दंडक आहेत. "थोडंसं" चालत नाही. "नेहमीचंच" तर मुळीच नाही, "नेहमीचंच म्हणजे काय?" असा उलट प्रश्न लगेच येतो. कोणी ढेकर देऊन "पोटभर जेवलो" म्हणाले, तर त्या शांतपणे म्हणतात, "पोटभर हे माप नव्हे. पोट कुणाचं?" त्यांच्या पर्समध्ये एक स्टीलची वाटी असते. त्या वाटीने त्यांनी अर्ध्या जिल्ह्याचा भात मोजला आहे. लग्नाच्या पंगतीत त्या श्रीखंड आधी त्या वाटीत घेतात, डोळ्यांसमोर धरून पाहतात आणि मगच ताटात ओततात. वाढणारा तोवर उभा राहतो.

एकदा गणेशोत्सवात आमच्या सोसायटीने स्थानिक नेत्यांना आरोग्यावर दोन शब्द बोलायला बोलावले होते. संतुलित आहार, साधी राहणी, सगळे व्यवस्थित झाले. चहाच्या वेळी नलूताईंनी त्यांना गाठले. नेत्यांनी प्रसन्नपणे सांगितले, की आपण घरचेच साधे जेवतो. "आणि?" मग सकाळची मिसळ निघाली. "आणि?" मिसळीबरोबर पापड आला, दही आले. पुढच्या "आणि?"ला जिलबी आली, आणि ती किती या प्रश्नाला नेते प्रथमच आपल्या स्वीय सहायकाकडे पाहू लागले. नलूताईंच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यांचा "आणि" आमच्या प्रयोगशाळेतल्या नळीतून पडणाऱ्या थेंबासारखा असतो. न घाई, न राग. रंग बदलेपर्यंत तो पडत राहतो.

मखमलाबादकडून भाजीची गाडी घेऊन येणारी हिराबाईही यातून सुटली नाही. ती वैतागून म्हणाली, "बाई, माझी सासू बी इतकं इचारत नाय. मेथी घ्यायची का नाय, ते सांगा."

"विकतेस ती मेथी. खातेस का?"

हिराबाई जुड्या नीट लावत राहिली. मग म्हणाली, "उरली तर."

त्या दिवशी नलूताईंनी दोन जुड्या घेतल्या आणि एक तिच्याच गाडीवर, फडक्याखाली ठेवली. "ही विकायची नाही. उद्या विचारणार आहे." तेव्हापासून हिराबाई आमच्या फाटकाशी आली की भाजीची आरोळी देण्याआधी आपले कालचे जेवण ओरडून सांगते.

आता माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. सुलभा गेल्यावर मी जेवणे सोडले, असे म्हणता येणार नाही. जेवण माझ्या हातून निसटत गेले. एकट्यासाठी कुकर लावायचा म्हणजे काहीतरी विनोद केल्यासारखे वाटे. चहा होई, त्यात टोस्ट बुडे, आणि दिवस संपे. पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडले, ते ढिले झाल्यावर आणखी एक पाडले. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. बंगळूरहून मुलगी रोज फोन करी आणि विचारी, "बाबा, जेवलात का?" मी म्हणे, "हो."

अशाच एका संध्याकाळी नलूताई पुन्हा आल्या. या वेळी इतर कोणी नव्हते. बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी कोशिंबीर म्हणालात. तुमच्या ओट्यावर एक कप होता आणि एक गाळणं. कोशिंबीर गाळण्यात केलीत?"

त्यांना उत्तर नको होते. त्या मला एका पाड्यावरची गोष्ट सांगू लागल्या. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका घरी सुनेने त्यांना भात, डाळ, भाजी असे सगळे सांगितले होते. सासू शेजारीच बसली होती. नलूताईंनी ते जसेच्या तसे लिहिले. निघताना मागच्या अंगणात पाहिले, तर घासून पालथे घातलेले एकच मडके होते, आणि त्याला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पातळ आंबिलीचा वास येत होता. तेव्हापासून माणसाला विचारण्याआधी त्या भांडी पाहतात.

"ती खोटं बोलली, असं मी कधीच म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "ती घराची लाज राखत होती. पण तुम्ही खोटी डाळ लिहिलीत, की कागदावर त्या घरात डाळ शिजायला लागते. मग खरी डाळ तिकडे कोणी पाठवत नाही."

मग त्यांनी विषय बदलल्यासारखे केले. एक अभ्यास चालू आहे, म्हणाल्या. साठी ओलांडलेले, एकटे राहणारे पुरुष. माणसे मिळत नाहीत. "तुम्ही याल? अट एकच. उत्तर खरं पाहिजे."

मी हो म्हणालो. नोकरीत पाण्याच्या नमुन्याचा चुकीचा आकडा मी कधी लिहिला नव्हता. संशोधनाला नाही म्हणणे माझ्या स्वभावात बसत नव्हते. त्यांनी लगेच पहिला प्रश्न विचारला आणि मी खरे उत्तर दिले. चहा. टोस्ट. "आणि?" चहा. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण त्या म्हणाल्या, "छान. स्पष्ट उत्तर." आणि गेल्या.

त्यांनी मला कधीही सल्ला दिला नाही. सल्ला दिला की माणूस बदलतो आणि अभ्यास बिघडतो, असे त्यांचे म्हणणे. त्या केवळ विचारीत. कधी सकाळी, कधी दुपारी, पूर्वसूचना न देता. त्या काही लिहून घेत नसत, हे माझ्या लक्षात आले होते. पण इतक्या अनुभवी व्यक्तीला लिहायची गरज नसेल, असे मी समजलो. मला मात्र संकोच वाटू लागला. इतक्या मोठ्या कामात आपला नमुना इतका निकृष्ट असावा? म्हणून मी खिचडी शिकलो. मग लक्षात आले, की खिचडी सांगितल्यावर "आणि?" येतो तेव्हा मी रिकाम्या हाताने उभा असतो. म्हणून पहिल्या "आणि"साठी काकडी चोचवू लागलो. दुसऱ्यासाठी हिराबाईकडून मेथी आली. तिसऱ्यासाठी मी ताक करू लागलो, सुलभा करायची तसे, आले ठेचून. एके दिवशी चौथा "आणि" आला, तेव्हा मी विजयी मुद्रेने "लिंबाचं लोणचं" म्हणालो. नलूताई हसल्या नाहीत. फक्त जाताना माझ्या पट्ट्याकडे पाहून गेल्या. तो तोवर दुकानातून आणल्या दिवशीच्या भोकावर आला होता.

हे असे पुष्कळ दिवस चालले. मग एका सकाळी त्यांची जुनी विद्यार्थिनी डॉ. मीनाक्षी आली. ती आता सरकारी आरोग्य खात्यात आहे. मॅडमसाठी तिने गावाकडून द्राक्षे आणली होती. मॅडम डोळे तपासायला गेल्या होत्या, म्हणून ती माझ्याकडे थांबली. मी तिला चहा दिला आणि न राहवून सांगितले, की मीही मॅडमच्या अभ्यासात आहे.

"कोणत्या, काका?"

मी सांगितले. तिने कप खाली ठेवला. मॅडमनी निवृत्तीनंतर एकही अभ्यास हाती घेतलेला नाही, असे ती सावकाश म्हणाली. इतर कोण कोण आहेत, हे तिने विचारले. मला एकही नाव ठाऊक नव्हते.

"एका माणसाचा अभ्यास नसतो, काका," ती म्हणाली. मग तिलाच काही आठवले. पाहणी संपून, कागद वर जाऊनही नलूताई काही घरांपाशी जीप थांबवायला लावत. काम नसताना आता कशाला, असे तेव्हा त्यांच्या हाताखाली असलेल्या मीनाक्षीसारख्या मुली विचारत. "मॅडम म्हणायच्या, तिथल्या बाईनं उत्तर तयार ठेवलं असेल."

मीनाक्षी गेल्यावर मी तिचा कप विसळून ठेवला. मला राग आला नाही. रसायनशास्त्राचा माणूस म्हणून एवढे कळत होते, की निरीक्षणाने नमुना बदलला तर प्रयोग फसतो. नलूताईंचा प्रयोग पुरता फसला होता, आणि तो फसावा म्हणूनच त्यांनी मांडला होता.

संध्याकाळी मीनाक्षीने ठेवून गेलेली द्राक्षांची पेटी घेऊन मी वर गेलो. इतक्या दिवसांत त्याच माझ्याकडे येत. मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. पेटी ओट्यावर ठेवा, असे त्या आतून म्हणाल्या. ठेवली. आणि त्यांनीच लावलेल्या सवयीने माझी नजर भांड्यांकडे गेली.

एक कप होता. एक गाळणे होते. कुकर वरच्या फळीवर होता आणि त्याच्यावर धूळ होती.

नलूताई दारात येऊन उभ्या होत्या. मी काय पाहतो आहे, ते त्यांना दिसले. मी मुळात बुजरा माणूस. समोरच्याला पेचात टाकणारे वाक्य माझ्या तोंडून सहसा निघत नाही. पण माझ्या तोंडून शब्द निघाले.

"नलूताई, काल काय जेवलात?"

"नेहमीचंच."

"नेहमीचंच म्हणजे काय?"

त्या चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या. "अभ्यासाचं मीनाक्षीनं सांगितलं ना? तिला तोंड आवरत नाही," शेवटी म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्या चुलीपाशी बसले. आपली चूल पेटवायची सवयच राहिली नाही. आणि विचारणार तरी कोण होतं?"

मी म्हणालो, "एक अभ्यास चालू आहे. माणसं मिळत नाहीत. तुम्ही याल?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिले. नेत्यांकडे पाहिले होते, हिराबाईकडे पाहिले होते, तसेच.

"उत्तर खरंच द्यावं लागेल?"

"तीच अट आहे."

"मग आज विचारू नका," त्या म्हणाल्या. "परवा विचारा."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी मी विचारले. मुगाची खिचडी होती. भात कच्चा राहिला होता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्या वाटीने स्वतःचा भात त्यांनी प्रथमच मोजला असावा. आता आम्ही एकमेकांना विचारतो. कधी त्यांच्या कुकरची शिट्टी खालपर्यंत ऐकू येते, आणि तेवढ्याने मला माझ्या स्वयंपाकाला हुरूप येतो. मुलीलाही मी सांगितले आहे, की "जेवलात का" हा प्रश्न विचारू नकोस, त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. आता ती नलूताईंचा प्रश्न विचारते, आणि त्यानंतर थोडे थांबून, "आणि?"

आभार मला अजूनही मानता आलेले नाहीत. म्हणून हे लिहिले. वाचकहो, तुमच्या शेजारी जे कोणी एकटे राहते, ते काल काय जेवले?